आकडा पक्का, मडकं कच्चं

"भाऊ, आकडा पक्का शे, मडकं कच्चं शे."

पारोळ्याकडच्या एका गावात, पत्र्याच्या शेडमध्ये, एका म्हाताऱ्या कुंभारानं मला हे ऐकवलं. मी त्यांना आबा म्हणतो. हातात त्याच सकाळी इलेक्ट्रिक भट्टीतून निघालेला मग होता. त्यांनी तो उलटा केला, बुडाला जिथं ग्लेझ लावत नाहीत तिथं जीभ टेकवली, आणि जीभ चिकटली. जीभ चिकटते म्हणजे माती अजून पाणी शोषते. पाणी शोषते म्हणजे ती पुरती भाजलेली नाही. शेजारी कंट्रोलरवर रात्रीचा सर्वोच्च आकडा तसाच होता: ११८०.

ही भट्टी त्यांना एका संस्थेमार्फत मिळाली होती. पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर ती १०५० च्या आसपास अडकून बसायला लागली. पुढं चढेचना. फोन केला, माणूस आला, त्यानं कंट्रोलर बदलला. आकडा ११८० पर्यंत गेला, सगळे खूश झाले. पण माल कच्चा निघाला. पुन्हा फोन, पुन्हा नवा कंट्रोलर, पुन्हा कच्चा माल. शेवटी प्रशिक्षण देणारा गृहस्थ आबांच्या नातवासमोर म्हणाला, "या लोकांना मशीन झेपत नाही."

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

मी जळगावच्या एमआयडीसीत, पाइप बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. जळगावची प्लास्टिकची चटई आणि पीव्हीसी पाइप देशभर जातात, आणि दोन्हींच्या पोटात एकच गोष्ट असते: एक्स्ट्रूडर. लांब लोखंडी नळी, तिच्यावर हीटरचे पट्टे, प्रत्येक झोनला एक थर्मोकपल आणि एक कंट्रोलर. पीव्हीसी जास्त तापलं तर जळतं, कमी तापलं तर पाइप ठिसूळ निघतो. तिथं एखादा झोन दहा अंशांनी चुकला तर सुपरवायझर धावत येतो. आम्ही हीटर तपासतो, थर्मोकपल तपासतो, वायर तपासतो. ऑपरेटरला मशीन झेपत नाही, असं पहिल्या मिनिटाला कुणी म्हणत नाही. कारखान्यात मशीन आधी संशयित असतं, माणूस नंतर. कुंभाराच्या शेडमध्ये हा क्रम उलटा कसा होतो?

मी आबांकडे पोचलो तेव्हा भट्टी थंड होती. पहिलं काम म्हणून कंट्रोलरचा मेनू उघडला. अशा कंट्रोलरमध्ये कोणत्या जातीचा थर्मोकपल जोडलाय हे सांगावं लागतं. के, जे, एन, आर, एस अशी अक्षरं असतात. भट्टीत बसवलेला थर्मोकपल 'के' जातीचा होता. मेनूत 'एन' होतं.

हे एक अक्षर काय करतं ते समजून घ्या, कारण सगळी गोम त्यात आहे. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा, एका टोकाला जोडलेल्या. ते टोक तापलं की दुसऱ्या टोकाशी अगदी बारीक व्होल्टेज मिळतं. १८२१ साली झेबेक या शास्त्रज्ञाला दिसलेला हा परिणाम. 'के' थर्मोकपल १००० अंशांना सुमारे ४१.३ मिलिव्होल्ट देतो. 'एन' त्याच तापमानाला सुमारे ३६.३ देतो. कंट्रोलरला मिळतात फक्त मिलिव्होल्ट. त्यांचे अंश तो आपल्याकडच्या तक्त्यातून काढतो. 'के'चा थर्मोकपल भट्टीत १०४५ अंश असताना जवळपास ४३ मिलिव्होल्ट देतो. 'एन'च्या तक्त्यात ४३ मिलिव्होल्ट म्हणजे जवळपास ११८० अंश.

म्हणजे भट्टी जिथं अडकत होती तिथंच अजून अडकलेली होती. बदलला होता तो फक्त आकडा. दुरुस्ती झाली ती पाटीची, भट्टीची नाही. आणि ही गोष्ट मशीन दुरुस्त करणाऱ्याला कळली नाही, ती जिभेला कळली.

मग भट्टी १०५० लाच का अडकत होती? मेनूत 'के' केलं, रिकामी भट्टी लावली आणि मल्टिमीटर घेऊन बसलो. भट्टी सहा किलोवॅटची, २३० व्होल्टसाठी बनवलेली. तिच्या कॉइलचा रोध नवीन असताना ८.८ ओहम असायला हवा. बंद करून, मेन स्विच खाली ओढून मोजला तर ९.७ भरला. कॉइलची तार वापरानं वरून ऑक्सिडाइज होत जाते, आतला धातू बारीक होतो, रोध वाढतो. यात कुणाची चूक नाही. कॉइल ही टायरसारखी झिजणारी वस्तू आहे. रोध दहा टक्के वाढला की ती बदलायची.

मग चालू भट्टीला व्होल्टेज मोजलं. मीटरच्या पेटीत २१२. भट्टीच्या टर्मिनलवर १९५. मधले सतरा व्होल्ट कुठं गेले? घरापासून शेडपर्यंत ओढलेल्या बारीक ॲल्युमिनियम केबलमध्ये. ती केबल हाताला कोमट लागत होती. भट्टीसाठी घेतलेली वीज केबल तापवत होती, आणि कधीतरी तिनं शेडही पेटवलं असतं.

आता हिशेब करा. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज पंधरा टक्के पडलं तर शक्ती पंधरा नाही, जवळपास अठ्ठावीस टक्के पडते. १९५ चा वर्ग भागिले ९.७, म्हणजे सुमारे ३,९०० वॅट. सहा किलोवॅटच्या भट्टीला चारसुद्धा मिळत नव्हते. भट्टी जितकी तापते तितकी ती भिंतींतून उष्णता गमावते; एका ठिकाणी कमाई आणि खर्च सारखे होतात आणि आकडा तिथं थांबतो. आबांच्या भट्टीत ते ठिकाण १०५० होतं. तिथं जगातला सगळ्यात महागडा कंट्रोलर लावला असता तरी एक अंश वाढला नसता. कंट्रोलर म्हणजे मुनीम. गल्ल्यात पैसा नसेल तर मुनीम बदलून धंदा चालत नाही.

नवी कॉइल बसवली, जाड तांब्याची केबल टाकली, आणि भाजणं रात्री उशिरा, गावातला लोड उतरल्यावर सुरू करायचं ठरवलं. मीटरला तेवढंच व्होल्टेज मिळूनही भट्टीला पाच किलोवॅटच्या आसपास मिळायला लागले. या सगळ्याला दोन कंट्रोलरच्या खर्चापेक्षा कमी पैसे लागले. पुढच्या भाजणीतल्या मगाच्या बुडाला आबांनी जीभ लावली. चिकटली नाही. ते हसले नाहीत. फक्त मग नातवाच्या हातात दिला.

माणसाला दोष देणं सोपं का असतं

आता कुणी म्हणेल, एका भट्टीची गोष्ट आहे, तीवरून एवढा राग कशाला. राग एका भट्टीचा नाही, विचार करायच्या पद्धतीचा आहे.

आपल्याकडे कारागिराला मदत करायची म्हटलं की वस्तू दिली जाते. विजेवरची चाकं दिली गेली. चांगलंच झालं, पाय आणि पाठ वाचली. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत कुंभार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज अशी रचना आहे. हेही वाईट नाही. पण मडकं चाकावर मरत नाही, भट्टीत मरतं. चाकावर बिघडलेली माती पुन्हा मळता येते. भट्टीत बिघडलेली माती उकिरड्यावर जाते, आणि तिच्याबरोबर महिन्याभराची मजुरी जाते. जिथं नुकसान सगळ्यात मोठं, तिथंच ज्ञान सगळ्यात कमी पोचतं.

वस्तू देताना फोटो निघतो. कॉइलचा रोध कसा मोजायचा हे शिकवताना फोटो निघत नाही. त्यामुळं भट्टीबरोबर फुलांचा हार येतो, पण सुटी कॉइल येत नाही, मल्टिमीटर येत नाही, आणि 'लोड असताना भट्टीपाशी किती व्होल्टेज मिळतं' हा प्रश्न भट्टी उतरवण्याआधी कुणी विचारत नाही. भट्टी बनवणाऱ्यानं २३० गृहीत धरलेलं असतं. खानदेशात शेतीचा हंगाम, केळीच्या बागांचे पंप, उन्हाळ्यातले कूलर आणि गावाच्या टोकाची डीपी हे सगळं मिळून जे व्होल्टेज देतात ते २३० असेलच असं नाही. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. त्याच्या चिमण्या दिसतात अशा गावांतसुद्धा संध्याकाळी ट्यूबलाइट फडफडते. हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की आपण त्याला बिघाड म्हणतच नाही.

उन्हाचंही तसंच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढं जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, तापलेल्या भट्टीशेजारी ठेवलेल्या पॅनेलच्या आत काय होत असेल? थर्मोकपल खरं तर दोन टोकांमधला फरक मोजतो. म्हणून त्याच्या डोक्यापासून कंट्रोलरपर्यंत त्याच जातीची खास केबल लागते. ती महाग पडते म्हणून कुणीतरी घरातली साधी तांब्याची वायर जोडतो. मग भट्टीला चिकटलेलं डोकं ९० अंशांवर आणि कंट्रोलर ४५ वर असेल, तर आकडा ४५ अंशांनी कमी दिसतो. म्हणजे भट्टी ४५ अंश जास्त तापते, ग्लेझ ओघळतं, मग फळीला चिकटतात. जो कुंभार गेल्या महिन्यात 'कच्चं ठेवतो' म्हणून बोलणी खात होता, तोच या महिन्यात 'जाळतो' म्हणून खातो.

आणि वीज गेली तर? काही कंट्रोलर वीज परत आल्यावर कार्यक्रम पहिल्या पायरीपासून सुरू करतात. भट्टी आत ९०० वर आहे, आणि कंट्रोलर म्हणतोय, आधी १०० करू. तो कॉइल बंद ठेवून भट्टी निवण्याची वाट बघत बसतो. मेनूतली एक सेटिंग बदलली की हे टळतं. पण मेनू इंग्रजीत, पुस्तिका इंग्रजीत, आणि शिकवणारा दोन दिवसांत परत गेलेला.

या सगळ्यात कुंभाराला न झेपलेलं नेमकं काय आहे, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

'आवाच बरा' म्हणणाऱ्यांनाही दोन शब्द

दुसऱ्या बाजूला एक वर्ग आहे. तो शहरात राहतो, रील्सवर मातीचे हात बघतो आणि म्हणतो, कुंभाराला इलेक्ट्रिक भट्टी हवीच कशाला, आपला पारंपरिक आवाच खरा. यांचा जिव्हाळा मला कळतो, पण धूर यांच्या घरात जात नाही. पावसाळ्यात भिजलेल्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांना पेटवायच्या नसतात. गाव वाढून आव्याच्या जागेला घरं लागली, शेजारी भांडायला येतात, हे यांच्या रीलमध्ये नसतं.

आव्याचं ज्ञान मात्र खरं आहे, आणि ते भावनेपोटी नाही तर तांत्रिक कारणांसाठी जपायला हवं. आपल्याकडे मांडे खापरावर होतात. चुलीवर उलटं घातलेलं ते खापर रोज तापतं, निवतं, तरी तडकत नाही, कारण ते कमी आचेवर भाजलेलं, सच्छिद्र असतं. तापमानाचा झटका ते सहन करतं. तेच खापर १२०० अंशांवर घट्ट भाजून काढलं तर चुलीवर तडकायची भीती वाढते. माठाचंही तेच. पाणी झिरपतं म्हणून गार होतं. जास्त भाजलेला माठ झिरपत नाही. आखाजीला पितरांसाठी पुजायची घागर आणि कॅफेत विकायचा ग्लेझचा मग, या दोन वेगळ्या तापमानांच्या वस्तू आहेत. एका हातात आवा आणि दुसऱ्या हातात वीज असलेला कुंभार दोन्ही बाजारांत उभा राहू शकतो. त्यानं कुठं उभं राहायचं हे त्याला ठरवू द्या. तुमच्या आवडीसाठी त्याला धुरात ठेवू नका, आणि तुमच्या अहवालासाठी त्याला आकड्यात अडकवू नका.

खानदेशात भाजलेल्या मातीचं काम काल सुरू झालेलं नाही. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ, तापीकाठी प्रकाशे. १९५० च्या दशकातल्या उत्खननांत तिथं ताम्रपाषाण काळातली रंगवलेली भांडी मिळाली. ती भाजणाऱ्यांकडे आकडा नव्हता. पण आच किती, किती वेळ आणि कुठल्या मातीला, हे त्यांना कळत होतं, नाहीतर खापरं आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

आणि मातीनंच माती मोजण्याची ही कल्पना अडाणीपणाची नाही. इंग्लंडमधल्या जोसाया वेजवूड या कुंभारानं १७८२ साली भट्टीची आच मोजायला मातीच्याच तुकड्यांचं आकुंचन वापरलं. त्याचे वरचे आकडे पुढं फारच चुकीचे ठरले, पण दिशा बरोबर होती. १८८६ साली हेर्मान झेगर यांनी बर्लिनमध्ये मातीचे छोटे कोन बनवले, जे ठरावीक आचेला वाकतात. १८९६ साली अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी ते बनवायला सुरुवात केली. आजही जगभरचे कुंभार ते भट्टीत ठेवतात. कोन नुसतं तापमान सांगत नाही. तापमान आणि वेळ मिळून मातीवर किती काम झालं ते सांगतो. आबांची जीभ जे भाजणीनंतर सांगते, तेच. आबांच्या भट्टीत पहिल्या दिवसापासून एक कोन ठेवला असता, तर 'एन' आणि 'के'चा घोळ पहिल्याच सकाळी उघडा पडला असता.

गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं हे त्यांनी सांगितलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. आपण त्या गोष्टीतून नेहमी अहंकाराचा धडा घेतो. मला त्यात कुंभाराची शिस्त दिसते. नामदेवांकडे प्रमाणपत्र केवढं मोठं होतं. साक्षात विठ्ठल त्यांच्याशी बोलायचा. गोरोबांनी ते बघितलं नाही. त्यांनी मडकं वाजवून बघितलं.

मग करायचं काय

तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत भट्टी असेल, तर क्रम लक्षात ठेवा. कंट्रोलर शेवटी. आधी भट्टीत कोन ठेवा आणि आकडा खरा आहे का ते बघा. मग भट्टी पूर्ण लोडवर असताना, जाणत्या इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन, मीटरपाशी आणि भट्टीपाशी व्होल्टेज मोजा. दोन्हींत मोठा फरक असेल तर केबल बदला. मेन बंद करून कॉइलचा रोध मोजा आणि भट्टीच्या दारावर तारखेसह लिहून ठेवा. थर्मोकपलची जात आणि मेनूतलं अक्षर जुळतंय का ते बघा. भट्टी तापताना आकडा उतरत असेल तर तारा उलट्या जोडल्यात. अमेरिकी रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल तार ऋण असते, आणि आपला इलेक्ट्रिशियन लाल म्हणजे प्लस धरतो. शंका आली तर चुंबक लावा: 'के'ची ऋण तार चुंबकाला ओढली जाते. आकडा गाठूनही भट्टी तापतच राहिली तर रिले चिकटलाय. मेन बंद करा, आणि तो बदलल्याशिवाय भट्टी सोडून झोपायला जाऊ नका.

यात डिग्री लागेल असं काहीही नाही. हे सगळं जळगावच्या एमआयडीसीत रोज, तिन्ही पाळ्यांत, आयटीआय झालेली पोरं करतात. आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते इथं. ज्ञान जिल्ह्यात आहे. चटईच्या कारखान्यातल्या फिटरला थर्मोकपल पाठ आहे, आणि त्याच्याच गावातला कुंभार थर्मोकपलपायी बुडतोय. दोघं एकाच एसटीनं येतात-जातात. पण एकाला आपण 'टेक्निशियन' म्हणतो आणि दुसऱ्याला 'पारंपरिक कारागीर', आणि या दोन शब्दांच्या मध्ये आपण जातीचीच जुनी भिंत नव्या रंगात उभी केली आहे. एकाच्या हाताला तंत्र म्हणायचं, दुसऱ्याच्या हाताला परंपरा.

माझी मागणी लहान आहे. भट्टी देणाऱ्या प्रत्येकानं भट्टीआधी एक आठवडा त्या जागेचं व्होल्टेज मोजावं. भट्टीबरोबर एक सुटी कॉइल, एक सुटा थर्मोकपल, मल्टिमीटर आणि कोनांचा डबा द्यावा. पुस्तिका मराठीत छापावी, जमलं तर अहिराणीत बोलून व्हिडिओ करावा. आणि जिल्ह्यातल्या आयटीआयच्या पोरांना वर्षातून दोन दिवस कुंभाराच्या शेडमध्ये पाठवावं. शिकवायला नाही, शिकायला. मिलिव्होल्ट त्यांना येतात. जीभ लावून बघणं त्यांना येत नाही.

आबांचा नातू आता भट्टीच्या दारावर खडूनं लिहितो: तारीख, व्होल्टेज, कॉइलचा रोध, कोन वाकला की नाही. परवा त्याचा फोन आला. धुळ्याकडच्या कुणाची तरी भट्टी चढत नाहीये, कंट्रोलर बदलायला सांगितलाय, काय करू?

मी म्हटलं, तूच जा. मल्टिमीटर ने. आणि आबांना सोबत ने.